तेवीस नंबर

गुरुवारी धनकवडीत लाइट जाते,
म्हणून शुक्रवारची रात्र धरली.
छत्तीस मशीन. प्रत्येकात विंडोज आधीपासून नांदतंय,
शेजारी लिनक्सला बिऱ्हाड द्यायचं.
हाताने केलं तर चार दिवस.
मी एक फाइल लिहिली, सगळ्या प्रश्नांची उत्तरं आधीच:
भाषा, घड्याळ, पासवर्ड
आणि डिस्कची वाटणी.
कुणी काही विचारायचं नाही.
एक एंटर, आणि मी डबा उघडायचा.

वडील सिटी सर्व्हेत मोजणीला होते.
साखळी, निशाण, चुना, आणि एकच वाक्य:
नकाशा घरी बघ, खुंटी जागेवर जाऊन ठोक.
नऱ्ह्यात दोन भावांमधली हद्द
त्यांनी तीनदा मोजली एकदा.
तिसऱ्यांदा एका भावाने चहा दिला,
दुसऱ्याने पाणीसुद्धा नाही.
मला तेव्हा वाटायचं, बाबा फार सावकाश काम करतात.

पहिली रांग सुरळीत.
नऊ नंबर अडला:
विंडोज नीट बंदच झालं नव्हतं,
डोळे मिटून पडलेलं, झोपेचं सोंग,
आणि आत माणूस असताना भिंत सरकवता येत नाही.
चौदावर कंपनीने दिलेले चार हिस्से आधीच,
त्यातला एक कशासाठी, कुणालाच ठाऊक नाही.
जुन्या वळणाच्या डिस्कवर पाचवा मागितला
तर ती सरळ नाही म्हणते.
अडणाऱ्यांवर मी चिडले,
पोळीचा घास तोंडात ठेवून चिडले.

तेवीस अडला नाही.

मार्चमध्ये तो फार रखडायचा,
म्हणून तापकीर गल्लीतून छोटी वेगवान डिस्क आणून
मीच बसवली होती,
जुनी आत राहू दिली, सामानाला.
फाइलीत माझ्याच अक्षरांत लिहिलेलं:
पहिल्या डिस्कचा शेवटचा हिस्सा पुसून घ्यावा.
पण पहिली कोण?
मशीनच्या लेखी, जी आधी जागी होते ती.
त्या रात्री जुनी आधी जागी झाली.
अकरा मिनिटं. मग पडद्यावर: काम पूर्ण.

शनिवारी सकाळी खुटवडमामा, रात्रपाळीचे वॉचमन,
टोपी हातात घेऊन दारात.
मॅडम, माझं ते डी-मधलं कुठं गेलं?

दोन ते चार या वेळात
मामा मराठी टायपिंग शिकत होते, मागच्या दिवाळीपासून.
काय टाइप करायचं सुचेना,
म्हणून जे दिसेल ते, तारीखवार:
कुठला नळ गळतो, कुठल्या वर्गात पंखा राहिला,
स्कूटर स्टँडखाली कुठल्या कुत्रीला किती पिल्लं.

सोमवारपर्यंत मी सगळे उपाय केले.
हाती आलं ते इतकं:
नळ
दुसरा मजला, डावीकडून
मग चौकोन, चौकोन, ओळभर चौकोन,
मग: पिवळीला पाच.

माफी मागितली. मामांनी टोपी घातली.
जाऊ द्या, म्हणाले, नळ अजून गळतोच आहे.
परत लिहीन.

आता फाइलीत पहिली-दुसरी असं काही नाही.
प्रत्येक डिस्कचा पाठीवरचा नंबर
मी बॅटरी धरून, वाकून, उतरवून घेतला,
छत्तीस वेळा, गुडघे धुळीत.
आणि वाटणीच्या आधी एक थांबा घातला:
माणूस येऊन हो म्हणेपर्यंत पुढे जाऊ नये.
प्राचार्य म्हणाले, मग ऑटोमॅटिक कसलं हे?
मी म्हटलं, सर, बाकीचं आहे की.

थांब्याच्या वर एक ओळ आहे.
तिच्या सुरुवातीला ती जाळीसारखी खूण,
म्हणजे मशीन ती ओळ वाचत नाही,
ओलांडून जातं.
पुढच्या लॅब असिस्टंटसाठी आहे,
मी इथे नसेन तेव्हा:

# तेवीसवर हात लावण्याआधी खुटवडमामांना विचारा. ते रात्री असतात.